शेवटची भाकर रॉकीची

ठकुबाईच्या चुलीचा एक कायदा होता. तव्यावरची पहिली भाकर गाईची आणि शेवटची कुत्र्याची, मधल्या सगळ्या विकायच्या. आता भिवंडीजवळच्या कोन गावात गाय शोधूनही सापडत नव्हती. शेतांची गोदामं झाली, गाई बांधणार कुठं? म्हणून पहिली भाकर ती स्वतःच खायची आणि वर विचारायची, "मी काय गाईपरीस कमी काम करतंय?" शेवटची मात्र तिनं कधी कुणाला दिली नाही. एखादा हमाल उशिरा आला, टोपली रिकामी दिसली आणि त्याची नजर त्या एका भाकरीवर गेली, तर ती फडक्यात गुंडाळून म्हणायची, "ती रॉकीची. तू उद्या लवकर ये."

रॉकी हा केसरीनाथ शेठच्या गोदामाच्या फाटकावरचा कुत्रा. काळा, दांडगा, अंगानं वासराएवढा. केसरीनाथ पूर्वी खाडीकाठच्या शेतात भात लावायचा. जमिनीवर गाळे उभे राहिले आणि तो शेठ झाला. शेठ झाल्यावर गळ्यात जाड साखळी आली आणि फाटकावरही आली. एक सोन्याची, एक लोखंडाची. लोखंडाच्या साखळीला रॉकी होता. ठकुबाई रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन यायची, खांबाशी थांबायची, भाकरीचे चार तुकडे करून टाकायची आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायची. नवरा गेल्यावर ती आतल्या गावाहून पोटासाठी इथं आली होती. तिचं बोलणं निमूट ऐकून घेणारा हा एवढा एकच.

तो चावला त्या दिवशी सकाळी फाटक बंद होतं. फाटकाचं कुलूप आदल्या दिवशी हरवलं होतं. शेठच्या मुलानं, कुणालनं, दुसरं आणायचा कंटाळा केला आणि कुत्र्याची साखळी काढून फाटकाला गुंडाळली. कुत्रा मोकळा. हे ठकुबाईला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ती बाजूच्या लहान दारातून आत शिरली, टोपली उतरवायला वाकली आणि सवयीनं म्हणाली, "आलंय रं बाबा, आलंय."

रॉकी भुंकला नाही. तो सरळ आला आणि त्यानं तिचा उजवा हात मनगटाच्या वर धरला. नुसता धरला नाही, झटका देऊन ओढला. टोपली कलंडली, भाकरी मातीत पडल्या. हमाल ओरडत धावले. एकानं गोणपाट त्याच्या तोंडावर टाकलं तेव्हा कुठं हात सुटला. मातीतल्या भाकरींकडं कुत्र्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि हे ठकुबाईनं तेवढ्या वेदनेतही टिपलं.

"मौसी, हाथ ऊपर रखो," एक हमाल सांगत होता. रक्त कोपरावरून ठिबकत होतं. गोदामातल्या बायका जमल्या, आणि जमल्या म्हणजे त्यांनी इलाज करायचाच. एकीनं लाल तिखट आणलं, दुसरीनं चुना. दोन्ही जखमेत भरलं. ठकुबाईनं दात आवळून सोसलं, कारण तिच्या गावातही असंच करायचे. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या तशा बायका समाधानानं म्हणाल्या, "जलतंय ना? म्हंजे विष मरतंय." कुणालनं कुत्र्याला काठीनं दाबून परत साखळी घातली आणि "बघून चालायचं ना मावशी," एवढं म्हणून तो मोटरसायकलवर बसून गेला.

दुसऱ्या दिवशी टेमघरहून तिची मुलगी मेघाली आली. मेघाली पुठ्ठ्याच्या कारखान्यात शिफ्टवर जायची. नवऱ्याला, सासूला आणि सुपरवायझरला एकाच पट्टीत सरळ करणारी मुलगी. तिनं हाताचं फडकं सोडलं आणि आतला लाल-पांढरा चिखल बघून किंचाळलीच. "आई, हाताची चटणी केलीस तू!" तिनं आईला मोरीवर बसवलं, साबण लावून नळाखाली हात धरला आणि आई कितीही कण्हली तरी सोडला नाही. मग रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि दमलेली होती. तिनं जखम पुन्हा धुतली, टाके घालायचे नाहीत असं नर्सला बजावलं आणि दंडात इंजेक्शन दिलं. ठकुबाईनं पदर पोटाशी घट्ट धरला होता. पोटात चौदा सुया टोचतात हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं.

"ते आता बंद झालं, मावशी. आता पाच, दंडात, ठरलेल्या तारखांना. एक जरी चुकवलंत तरी उपयोग नाही," डॉक्टरीण म्हणाली. मग तिनं लिहिता लिहिता मान वर केली. "कुत्रा कुठाय?"

"बांधलाय. शेठचा हाय."

"त्याला आसपासचं कुठलं कुत्रं चावलं होतं का अलीकडं?"

ठकुबाईला एकदम आठवलं. दिवाळीनंतर नाक्यावर एक पिसाळलेलं, लाळ गाळणारं कुत्रं पोरांनी दगडांनी ठेचून मारलं होतं. त्याआधी ते गोदामाच्या भिंतीवरून आत पडलं होतं आणि रॉकीचा कान फाडून गेलं होतं. तो कान तिनंच हळद लावून बरा केला होता. हे तिनं सांगितलं तेव्हा डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

"नीट ऐका. तुमची जखम खोल आहे, आणि तुम्ही उशिरा आलात. नुसतं इंजेक्शन पुरायचं नाही, जखमेभोवती एक वेगळं औषध टोचावं लागतं. ते आमच्याकडं संपलंय, आजच ठाण्याला जा. आणि तो कुत्रा मरू द्यायचा नाही, मारू द्यायचा नाही, कुठं सोडू द्यायचा नाही. दहा दिवस नजरेसमोर हवा. खातो का, पाणी पितो का, रोज बघायचं. त्यानं खाणं सोडलं तर लगेच मला कळवा. त्याच्याजवळ गेलेल्या प्रत्येकाला मग इंजेक्शन लागेल."

"आनि ह्यो रोग झालाच तर?" ठकुबाईनं विचारलं.

"झाल्यावर औषध नाही," डॉक्टरीण म्हणाली. तिनं हे काही मऊ करून सांगितलं नाही, आणि ठकुबाईला त्याचं बरंच वाटलं.

ठाण्याच्या वाटेवर कशेळीला ट्रकांची रांग लागली होती. पुढं पूल, खाली खाडी, मागं-पुढं कंटेनर. रिक्षा जागची हलेना. मेघाली रिक्षावाल्यावर, ट्रकवाल्यांवर, सरकारवर, सगळ्यांवर ओरडत होती.   ठकुबाईच्या मनात एकच हिशेब चालला होता: तो काल भाकर खायला का नाही धावला? पाय घसरेस्तोवर साखळी ताणायचा रोज. काल मातीत एवढ्या भाकरी पडल्या, आणि त्यानं वासदेखील घेतला नाही.

औषध मिळालं. जखमेच्या कडेकडेनं सुया टोचल्या तेव्हा ती ओरडली, आणि ओरडून मोकळी झाली. संध्याकाळच्या आत दोघी कोनला परतल्या, त्या थेट गोदामावर. खांबाशी कुत्रा नव्हता. साखळी नव्हती. खांबाभोवती कुत्र्यानं फिरून फिरून गुळगुळीत केलेली माती तेवढी होती.

झालं असं होतं की ठकुबाईचा मुलगा भावेश दुपारी नाक्यावर चार मित्र घेऊन उभा राहिला होता. हातात काठ्या. "माझ्या आईला चावला, आज त्याला उभा चिरतो," असं त्यानं पानवाल्यापासून बसवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. आईवरचं प्रेम असं गावभर सांगायचं त्याला फार. ते केसरीनाथच्या कानावर गेलं. मारामारी होणार, मग पोलीस, मग केस. शेठनं डोकं चालवलं आणि कुत्राच नाहीसा केला.

"मेल्या!" ठकुबाईनं डाव्या हातानं मुलाच्या पाठीत धपाटा घातला. "त्यो कुत्रा जगला तर मला कळंल मी जगतंय का मरतंय! आनि तू काठ्या घेऊन फिरतोस!"

भावेशला काही समजेना. चावलेल्या कुत्र्याला मारतात, हे तर लहान पोरालाही माहीत. आईनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली तेव्हा तो तिच्याकडं तिलाच वेड लागल्यासारखा बघत राहिला.

ती केसरीनाथच्या दारात गेली. शेठ पडवीत झोपाळ्यावर बसला होता. "शेठ, कुत्रा कुठं हाय?"

"कुठला कुत्रा?"

"रॉकी."

"आमचा कुत्रा कवाच मेला गो. तुला चावला तो भटका आसंल." शेठ हे तिच्या डोळ्यांत न बघता म्हणाला. झोपाळ्याची कडी कुरकुरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मेघालीनं सुट्टी टाकली आणि आईला भिवंडीच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका वकीलबाईंकडं नेलं. कारखान्यातल्या एका बाईचं काम त्यांनी केलं होतं. वकीलबाईंनी दवाखान्याचा कागद बघितला, हात बघितला आणि पहिलंच विचारलं, "इंजेक्शन घेतलं ना? मग आता बोलू. केस थांबते, हा रोग थांबत नाही." मग त्यांनी ठकुबाईला समजेल असं सांगितलं. रस्त्यावरचं कुत्रं चावलं तर नगरपालिकेकडं दाद मागायची. पाळलेलं चावलं तर धनी जबाबदार. जनावर नीट न सांभाळणं हा कायद्यानं गुन्हा आहे, नव्या कायद्याचं कलम दोनशे एक्याण्णव, पोलिसांना तक्रार घ्यावी लागते. औषधपाण्याची, बुडालेल्या धंद्याची भरपाई वेगळी मागता येते, पण ती मागाहून. "आज एकच मागा. कुत्रा दाखवा म्हणा. साक्षीला कोण येईल?"

"हमाल बोलतील का? शेठचं काम जाईल त्यांचं," मेघाली म्हणाली.

"बघू," वकीलबाई म्हणाल्या.

चौकीतल्या हवालदारानं आधी हसून घेतलं. "कुत्र्यावर तक्रार? मग कुत्र्यालाच आणा, जबाब घेतो." मेघालीनं दवाखान्याचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि आईचा हात उघडा केला. हवालदाराचं हसू गेलं. घरी त्याचीही पोरं असावीत. तरी तो म्हणाला, "केसरीनाथ शेठ म्हणजे मोठा माणूस. आपसात मिटवा ना."

"साहेब," ठकुबाई म्हणाली, "मी मेले तर कुणाबरोबर मिटवाल?"

तक्रार लिहिली गेली. हवालदार टोपी घालून निघाला. गोदामावर तो पोचला तेव्हा हमाल गोळा झाले, शेठ आला, कुणाल आला, आणि घरातून हौसा शेठाणी पदराला हात पुसत येऊन बाजूला उभी राहिली. तिच्या कमरेला पूर्वी नावाची सहा वर्षांची नात चिकटली होती. कुणी हमाल तोंड उघडेना. सगळे पायाच्या अंगठ्यांकडं बघत होते. ठकुबाईला त्यांचा राग आला, आणि रोज ज्यांना वाढलं त्यांचाच राग येतो याचं दुःखही झालं.

"आमच्याकडं कुत्राच न्हाय," केसरीनाथ छाती काढून म्हणाला. "आनि समजा आसंल, तर चूक कोनाची? ही बाई रोज येऊन भाकर टाकायची. तिनंच त्याला लालची केला. दोनदा सांगितलं मी, आमच्या कुत्र्याला बाहेरचं घालू नको म्हनून!"

हवालदारानं हळूच मान वर केली. "कुणाच्या कुत्र्याला, शेठ?"

एक हमाल खोकल्याच्या निमित्तानं हसला. केसरीनाथच्या तोंडचं पाणी पळालं, पण गडी ताठ राहिला. "मग आसंल. आता न्हाय. पलाला. तपास करा तुमी."

आता शब्दात पकडून उपयोग नव्हता. शेठनं हार कबूल केली असती, दंड भरला असता, सगळं केलं असतं. पण कुत्रा कुठल्या तरी कोपऱ्यात तसाच राहिला असता. ठकुबाईला ते दिसत होतं. तिचं लक्ष पूर्वीच्या गुडघ्याकडं गेलं. गुडघा खरचटलेला होता, खपली अजून ओली होती.  ही पोर रोज शाळेतून आली की रॉकीच्या गळ्यात पडायची, तो तिचं तोंड, हात, पाय चाटायचा, आणि ठकुबाई स्वतः हसून म्हणायची, धुऊन काढली गो तुला.

ती शेठशी बोललीच नाही. हौसाकडं वळली. "शेठाणी, ही कवा पडली?"

"झाले चार दिस. का गो?"

"आनि त्यानं चाटलं हिला? गुडघ्याला?"

 हौसानं नातीकडं बघितलं. पूर्वी भाबडेपणानं म्हणाली, "रॉकीनं चाटलं मग बरं वाटलं."

"डॉक्टरीण बोलली, त्यानं खानं सोडलं तर त्याच्याजवल गेलेल्या सगल्यांना सुई पायजे. मी तर घेतंय. हिला कोन देनार? कुत्रा खातोय का न्हाय, ह्ये तुमाला तरी ठाव हाय का?"

हौसा नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी ती बोलली. "कशेलीला हाय. धाकट्या दिराच्या गाल्यात. आना त्याला. आत्ताच्या आत्ता आना!" आणि केसरीनाथ काही म्हणायच्या आत ती पुन्हा ओरडली, "माझी नात हाय ती!"

टेम्पो गेला आणि कुत्रा आला. कशेळीच्या गाळ्यात त्याला पोत्यांमागं बांधून ठेवलं होतं. खाल्लं का, प्यायला का, कुणी बघितलंच नव्हतं. त्याला जुन्याच खांबाला, जुन्याच साखळीनं बांधलं. मधे दोरी लावून कुणी पलीकडं जायचं नाही असं हवालदारानं बजावलं आणि जनावरांच्या डॉक्टराला निरोप धाडला. ठकुबाई घरी गेली. डाव्या हातानं पीठ मळलं, वेडीवाकडी एकच भाकर थापली, भाजली, आणि फडक्यात गुंडाळून परत आली. काठीच्या टोकानं तिनं ती दोरीपलीकडं सरकवली.

"खा रं बाबा," ती म्हणाली.

सगळे उभे होते. शेठ, हौसा, हमाल, हवालदार. भावेशदेखील मागं येऊन थांबला होता, आज हात रिकामे. तांदळाच्या ताज्या भाकरीची वाफ थंड हवेत दिसत होती. रॉकीनं मान उचलली. तो दोन पावलं आला, भाकरीला नाक लावलं. ठकुबाई मनात म्हणत होती, खा. नुसता एक घास. तुझ्यावर राग न्हाय माझा, पण खा.

त्यानं भाकर तोंडात धरली. ती तोंडातून पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. खालचा जबडा लोंबत होता, त्यातून लाळेची तार सुटली होती. मग त्यानं खांबालाच दात लावले आणि लाकूड कुरतडायला लागला. कुणीतरी पाण्याचं भांडं सरकवलं; त्यानं त्यात तोंड घातलं, पण पाणी काही आत जाईना.

 ठकुबाई मटकन खाली बसली. आपण मरणार का, हा विचार तिच्या मनात आला, पण त्याच्याही आधी आला तो रॉकीचाच. याला तहान लागलीय आणि याला पिता येत नाही, एवढंच तिला दिसत होतं, आणि ती रडली. जो तिला चावला त्याच्यासाठी ती गोदामासमोर सगळ्यांदेखत रडली. मेघालीनं तिला उठवलं.

दोन दिवसांनी रॉकी गेला. जनावरांच्या डॉक्टरनं जे सांगायचं ते सांगितलं, पण कोणाला ते ऐकायची गरज उरली नव्हती.

ठकुबाईच्या दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या बाकावर जागा नव्हती. पूर्वी, हौसा, कुणाल, कशेळीचा दीर, तोंडावर गोणपाट टाकणारा हमाल, आणि शेवटी केसरीनाथ शेठ, सगळे बाह्या वर करून बसले होते. खाजगी दवाखाने फिरून शेवटी त्यांना इथंच पाठवलं होतं. पूर्वी रडून लाल झाली होती. तिनं फ्रॉक पोटाशी आवळून धरला होता. ठकुबाई तिच्याजवळ गेली, पट्टी बांधलेला हात बाजूला ठेवला आणि दंडावरची टोचल्याची खूण दाखवली.

"पोटात न्हाय गो. हितं. मुंगी चावल्यावानी."

 केसरीनाथनं घसा खाकरला. "ठकुबाय, झालं ते झालं. कुत्रा तर मेला. आता तक्रार मागं घे. तुझा खर्च देतो मी."

"खर्च घेईन शेठ, तो हक्काचा हाय," ठकुबाई म्हणाली. "तक्रार मागं न्हाय घेनार. ती कुत्र्यावर न्हाय, काढलेल्या साखलीवर हाय." मग तिनं पूर्वीच्या डोक्यावरून डावा हात फिरवला. "आनि एक सांगा. मी तिखट भरून गुमान घरी बसले असते, तर त्यो कशेलीला पोत्यांमागं मेला असता. तुमाला सांगाय कोन आलं असतं?"

केसरीनाथ नातीच्या गुडघ्याकडं बघत राहिला. आतून नर्सनं ठकुबाईचं नाव पुकारलं. ठकुबाई उठली, दारापर्यंत गेली आणि मागं पूर्वीकडं बोट दाखवून नर्सला म्हणाली, "बाय, माझ्याआधी हिला घ्या."